प्रोसेसरचा वेग ठरवतं कोण? हातातल्या लिनक्स उपकरणांकडून मोजमापाचा एक धडा

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्या किंवा पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणालाही मी एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग किती? उत्तर लगेच येतं, अमुक इतके गिगाहर्ट्झ. मग दुसरा प्रश्न : हा आकडा आला कुठून? इथे बहुतेक जण थबकतात. खोक्यावर लिहिलेला असतो, एवढंच माहीत असतं.

आपण हा आकडा लोखंडाच्या घनतेसारखा धरून चालतो. जणू तो त्या वस्तूचा गुणधर्मच आहे. प्रत्यक्षात तो एक निर्णय असतो. कोणीतरी वेग, बॅटरी, उष्णता आणि चुकण्याचा धोका या चार गोष्टी तराजूत घालून तो घेतलेला असतो. हे समजलं नाही तर तुमच्या प्रबंधातला 'माझा अल्गोरिदम १२ टक्के जलद आहे' हा दावा एखादा जागरूक परीक्षक व्हायवामध्ये दोन मिनिटांत पाडू शकतो. म्हणून आज हातात मावणाऱ्या लिनक्स उपकरणांची गोष्ट. ती थोडी जुनी आहे, पण तिच्यात सगळं उघडं दिसतं.

एक चिप, तीन फोन, तीन वेग

साल २००९. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ऑमॅप ३४३० ही चिप तेव्हा जोरात होती. आत एआरएम कंपनीच्या रचनेचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर. त्या एका वर्षात ही चिप वापरणारे तीन गाजलेले फोन बाजारात आले आणि तिन्हींच्या पोटात लिनक्स कर्नलच होता.

- पाम प्री, वेबओएसवर चालणारा : ५०० मेगाहर्ट्झ
- मोटोरोला ड्रॉइड, अँड्रॉइडवर चालणारा : ५५० मेगाहर्ट्झ
- नोकिया एन९००, मीमो ५ वर चालणारा : ६०० मेगाहर्ट्झ

चिप तीच, मग वेग वेगळे कसे? याचं उत्तर लिनक्स कर्नलमध्ये या चिपसाठी असलेल्या एका छोट्या तक्त्यात सापडतं. किती वेगाला किती व्होल्टेज द्यायचं, याच्या पाच जोड्या त्यात आहेत :

- १२५ मेगाहर्ट्झ : ०.९७५ व्होल्ट
- २५० मेगाहर्ट्झ : १.०७५ व्होल्ट
- ५०० मेगाहर्ट्झ : १.२ व्होल्ट
- ५५० मेगाहर्ट्झ : १.२७५ व्होल्ट
- ६०० मेगाहर्ट्झ : १.३५ व्होल्ट

शेवटच्या तीन ओळी पुन्हा वाचा. तीन कंपन्यांचे तीन वेग म्हणजे या तक्त्याच्या वरच्या तीन पायऱ्या. म्हणजे प्रत्येक कंपनीने आपल्या फोनसाठी सर्वांत वरची पायरी कोणती, ते स्वतः ठरवलं.

नोकियाच्याच आधीच्या एन८०० या इंटरनेट टॅब्लेटचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००७ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याचा प्रोसेसर ३३० मेगाहर्ट्झवर चालत होता. पुढे ओएस२००८ ही नवी प्रणाली आली, लोकांनी ती टाकली आणि तोच टॅब्लेट ४०० मेगाहर्ट्झवर चालायला लागला. कोणी स्क्रू उघडला नाही, कोणी चिप बदलली नाही. बदललं ते फक्त सॉफ्टवेअर.

घड्याळाचा ठोका म्हणजे नेमकं काय?

ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. ताशावाला लय धरतो आणि शंभर ढोल त्या लयीवर पडतात. लय वाढवत नेली तर एक क्षण असा येतो, की एखाद्या वादकाचा हात वर जाऊन खाली यायच्या आत पुढचा ठोका आलेला असतो. बाकीचे नव्व्याण्णव जण बरोबर असतात, पण ताल तिथे तुटतो. पथकाची कमाल लय ठरते ती सर्वांत संथ हातावरून.

प्रोसेसरमध्ये अगदी हेच होतं. एका ठोक्याला विद्युत संकेत एका साठवण-घरातून निघतो, वाटेतली लॉजिक गेट्स ओलांडतो आणि पुढच्या ठोक्याच्या आत त्याला दुसऱ्या घरात पोचावं लागतं. ६०० मेगाहर्ट्झला त्याच्याकडे साधारण १.६७ नॅनोसेकंद असतात. ९०० ला १.११ आणि १००० ला बरोबर १. चिपमधला सर्वांत लांबचा, सर्वांत संथ मार्ग जेवढा वेळ घेतो, त्याच्या खाली तुम्हाला जाता येत नाही. गेलात तर पुढच्या घरात चुकीचा बिट साठवला जातो.

व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात, म्हणजे संथ हात थोडा चपळ होतो. म्हणूनच वरच्या तक्त्यात वेगाबरोबर व्होल्टेजही चढत जातं.

आता खरी गंमत. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन चिप्सचे संथ मार्ग सारखे नसतात. शिवाय तापमान बदललं, बॅटरी उतरली, चिप जुनी झाली की तेच मार्ग आणखी हलतात. त्यामुळे कंपनीला असा आकडा निवडावा लागतो, की जो लाखो चिप्सपैकी सुमार चिपलाही, गरम खिशात, काही वर्षांनंतरही झेपेल. बहुतेक चिप्स त्याहून जास्त धावू शकतात. हे जे मधलं अंतर आहे, त्याला सुरक्षेची गाळी म्हणू. कर्नलशी खेळणारे लोक जे 'फुकटचं' मिळवतात, ते या गाळीतूनच येतं.

कर्नलच्या हातात काय आहे?

लिनक्समध्ये हे काम सीपीयूफ्रेक नावाचा भाग करतो. त्याचे दोन तुकडे लक्षात ठेवा. एक ड्रायव्हर, त्याला त्या विशिष्ट चिपचा वेग आणि व्होल्टेज प्रत्यक्ष कसं बदलायचं ते माहीत असतं. दुसरा गव्हर्नर, तो आत्ता कोणता वेग हवा ते ठरवतो. 'परफॉर्मन्स' गव्हर्नर कायम वरच्या पायरीवर बसतो, 'पॉवरसेव्ह' खालच्या. २००४ च्या सुमारास आलेला 'ऑनडिमांड' ठरावीक वेळाने प्रोसेसर किती व्यग्र होता ते बघतो. काम वाढलं की वर उडी, कमी झालं की खाली. २०१६ मध्ये कर्नल ४.७ बरोबर 'शेडयुटिल' आला. तो वेगळं मोजत बसण्याऐवजी शेड्युलरकडे असलेलीच माहिती वापरतो.

एन९०० हे लोकांचं लाडकं उपकरण झालं ते यामुळे, की त्यावर रूट होणं अवघड नव्हतं आणि कर्नलचा सोर्स उपलब्ध होता. हौशी मंडळींनी 'कर्नल-पॉवर' नावाचा सुधारित कर्नल तयार केला. त्यात तोच तक्ता लांबवून वरची मर्यादा ११५० मेगाहर्ट्झपर्यंत नेली होती. शिवाय त्याच वेगांना कमी व्होल्टेज देणारे प्रोफाइलही होते. म्हणजे काही जण वेगासाठी गाळी खात होते, तर काही जण बॅटरीसाठी. गाळी मात्र तीच.

वेगाची किंमत : हिशेब करून बघू

गेट्सच्या उघडझापीत खर्च होणाऱ्या शक्तीचं सूत्र तुम्ही इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाहिलं असेल : शक्ती ही धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वरचा तक्ता यात घाला.

५०० वरून ६०० मेगाहर्ट्झ : वेग १.२ पट. व्होल्टेज १.२ वरून १.३५, त्याच्या वर्गाचं गुणोत्तर सुमारे १.२७. दोन्हींचा गुणाकार १.५२. म्हणजे २० टक्के वेगासाठी ५२ टक्के जास्त शक्ती! पाम प्री ५०० वर का थांबला असेल, याचा अंदाज येतो ना?

२५० वरून ६०० मेगाहर्ट्झ : वेग २.४ पट, शक्ती सुमारे ३.७८ पट. एका ठोक्यामागे लागणारी ऊर्जा सुमारे १.५८ पट.

यावरून कोणी म्हणेल, 'मग बॅटरी वाचवायची तर कायम २५० वर ठेवा.' थांबा. शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत इथेच होते. बॅटरीतून जाते ती ऊर्जा, म्हणजे शक्ती गुणिले वेळ.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कामाला १५० कोटी ठोके लागतात. २५० मेगाहर्ट्झवर ते ६ सेकंदांत होईल, ६०० वर २.५ सेकंदांत. समजा २५० वर प्रोसेसर दर सेकंदाला १०० एकक ऊर्जा घेतो, तर ६०० वर तो ३७८ घेईल. एकूण ऊर्जा ६०० एकक आणि ९४५ एकक. संथ पर्याय जिंकला.

पण काम चालू असताना स्क्रीन, मेमरी आणि इतर भागही जागे असतात. तेही दर सेकंदाला १०० एकक घेतात आणि काम संपताच झोपतात असं धरा. मग संथ पर्यायाला आणखी ६०० मिळवावे लागतील, जलद पर्यायाला फक्त २५०. बेरीज १२०० आणि ११९५. बरोबरी! बाकीच्या भागांचा खर्च याहून जास्त असेल तर पटकन काम उरकून झोपणं स्वस्त, कमी असेल तर सावकाश चालणं स्वस्त.

म्हणजे 'कमी वेग = जास्त बॅटरी' हे वाक्य चूकही नाही आणि बरोबरही नाही, ते अर्धवट आहे. ते कोणत्या परिस्थितीत खरं ठरतं, हे सांगणं म्हणजे संशोधन.

'माझा तर ९०० वर मस्त चालतो'

ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या कुठल्याही मंडळीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाक्य प्रामाणिक असतं. पण पुरावा म्हणून त्याचं वजन किती? चार बाजूंनी तपासू.

पहिली बाजू, नमुना एकच आहे. चिप-चिपमध्ये फरक असतो हे कंपनीलाही माहीत होतं. ऑमॅप ३४३० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने स्मार्टरिफ्लेक्स नावाची सोय ठेवली होती. चिपमधले संवेदक तिचा स्वभाव जोखतात आणि त्यानुसार व्होल्टेज कमी-जास्त करता येतं. शेजाऱ्याचा फोन ९०० वर चालला, यावरून तुमच्या फोनबद्दल फार थोडं कळतं.

दुसरी बाजू, बोलणारे आणि न बोलणारे. ज्याचा फोन अडकला त्याने बॅटरी काढली, परत घातली, जुना कर्नल टाकला आणि विषय सोडून दिला. ज्याचा चालला तो सगळ्यांना सांगत सुटला. आपल्यापर्यंत पोचणारा नमुना आधीच गाळून आलेला असतो.

तिसरी बाजू, वेळ. समजा तुम्ही १० तास चाचणी घेतली आणि एकदाही अडकला नाही. किती खात्रीने काय म्हणता येईल? बिघाडाचा दर ताशी स्थिर आहे असं मानलं तर 'तीनचा नियम' वापरता येतो : शून्य बिघाड दिसले असतील तर ९५ टक्के खात्रीने दराची वरची मर्यादा म्हणजे ३ भागिले निरीक्षणाचा काळ. इथे ताशी ०.३. म्हणजे दहा तासांच्या निर्दोष चाचणीनंतरही, सरासरी दर साडेतीन तासांनी बिघडणारा फोन तुम्ही नाकारू शकत नाही! १०० तास घेतलेत तर ही मर्यादा साधारण ३३ तासांवर जाते. 'बिघाड दिसला नाही' आणि 'बिघाड होत नाही' या दोन वाक्यांमध्ये एवढं अंतर आहे.

चौथी बाजू सर्वांत महत्त्वाची, आणि धोका खरा इथेच आहे. आपण बिघाड म्हणजे फोन अडकणं समजतो. खरं तर अडकणं हा प्रामाणिक बिघाड, तो निदान कळतो तरी. पण संथ मार्ग चुकला आणि बेरजेतला एक बिट उलटला, कार्यक्रम पुढे चालत राहिला, उत्तर चुकीचं आलं, तर? फोटो साठवताना असं झालं तर एक रेघ बिघडेल. तुमच्या सिम्युलेशनमध्ये झालं तर तुम्ही चुकीचा आलेख प्रबंधात लावाल आणि कोणालाच कळणार नाही. म्हणून स्थिरतेची चाचणी म्हणजे नुसतं चालू ठेवून बघणं नव्हे. उत्तर आधी माहीत असलेलं काम द्या, उदाहरणार्थ एकाच फाइलचा चेकसम हजारो वेळा काढा आणि प्रत्येक उत्तर ताडून बघा. आणि तीच चाचणी मूळ ६०० वरही तेवढाच वेळ घ्या. तुलनेला आधार नसेल तर निष्कर्ष हवेत राहतो.

'जास्त फास्ट वाटतंय'

वाटणं आणि मोजणं यातही एक पेच आहे. वेग ६०० वरून ९०० केला की प्रोसेसर दीडपट झाला, पण मेमरी होती त्याच वेगावर राहते. समजा एखाद्या कामाचा ४० टक्के वेळ मेमरीची वाट बघण्यात जातो. मग नवा वेळ = ०.६ भागिले १.५, अधिक ०.४, म्हणजे ०.८. काम फक्त १.२५ पट जलद झालं. घड्याळ ५० टक्के वाढलं, फायदा २५ टक्के.

एन९०० मध्ये तर रॅम होती २५६ मेगाबाइट, आणि त्यापलीकडचं सगळं फ्लॅशवरच्या ७६८ मेगाबाइट स्वॅपमध्ये जायचं. पाच-सहा ॲप उघडल्यावर फोन जड होतो तो पुष्कळदा स्वॅपमुळे. तिथे मेगाहर्ट्झ वाढवणं म्हणजे टोलनाक्यावर रांग लागलेली असताना गाडीचं इंजिन बदलणं. आधी अडतंय कुठे ते शोधा, मग उपाय करा.

आता तुमच्या टेबलावर

तुम्ही म्हणाल, एन९०० आता कोण वापरतं? बरोबर. पण तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच सीपीयूफ्रेक आहे, फक्त आता लहान-मोठ्या कोअरचे वेगवेगळे तक्ते असतात. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं गेमिंग उपकरणही लिनक्सवरच चालतं. त्यात तर मुख्य चिपला ४ ते १५ वॅट एवढ्याच शक्तीत बसवलेलं आहे आणि ती मर्यादा वापरणाऱ्याला मेनूतूनच आणखी खाली आणता येते. प्रश्न 'किती मेगाहर्ट्झ' वरून 'किती वॅटमध्ये किती काम' इकडे सरकलाय, एवढंच.

आणि तुमचा लॅपटॉप? तुमचा कार्यक्रम चालू असताना तो वेग सतत बदलत असतो. त्यामुळे वेळेचं कुठलंही मोजमाप करताना एवढं सांभाळा :

१. गव्हर्नर आणि ड्रायव्हर दोन्ही नोंदवा. नुसतं नाव पुरत नाही. साध्या सीपीयूफ्रेकमध्ये 'पॉवरसेव्ह' म्हणजे सर्वांत खालचा वेग, पण इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये त्याच नावाचा पर्याय कामाप्रमाणे वेग वर-खाली करतो. एकच शब्द, दोन अर्थ.

२. चाचणी चालू असताना प्रत्यक्ष वेग किती होता ते अधूनमधून वाचून ठेवा. मागितलेला वेग आणि मिळालेला वेग एकच असेल असं नाही.

३. तापमान लिहा. तापलेलं यंत्र आपोआप वेग कमी करतं. चार्जर लावला होता की नाही, तेही लिहा.

४. आधी 'अ' पद्धतीच्या वीस फेऱ्या, मग 'ब'च्या वीस, असं करू नका. 'ब'च्या वाट्याला कायम तापलेलं यंत्र येईल. क्रम नाणं उडवून ठरवा.

५. सरासरीबरोबर पसारा द्या. पहिली फेरी वेगळी बघा, तेव्हा कॅश रिकामी असते.

६. उत्तर बरोबर आलं का, हे प्रत्येक फेरीत तपासा. चुकीचं उत्तर लवकर मिळून उपयोग काय?

एक सूचना. वेग आणि गव्हर्नर बघणं, कंपनीच्या मर्यादेत बदलणं निर्धोक आहे. व्होल्टेज वाढवणं तसं नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने चिप लवकर म्हातारी होते, आणि हे नुकसान आठवड्याच्या चाचणीत दिसत नाही. लॅबच्या यंत्रावर तर गाइडना विचारल्याशिवाय हात लावू नका.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमचाच एखादा जुना कार्यक्रम घ्या. दोन गव्हर्नरखाली प्रत्येकी वीस फेऱ्या, क्रम नाण्याने. दोन्ही गटांचे आलेख शेजारी शेजारी काढा. मग तुमच्या प्रोजेक्टमधला 'इतके टक्के जलद' हा दावा काढून त्याच्यासमोर धरा. तुमच्या सुधारणेचा फरक गव्हर्नरमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर दावा निर्धास्त लिहा. लहान निघाला, तर गव्हर्नर आणि वेग पक्के करून पुन्हा मोजा. हे काम आत्ता झालं तर दोन दिवस जातील. परीक्षकाने दाखवून दिलं तर सहा महिने.